हातिमच्या आधी रद्वा

१

हातिम बन्हावीने तिबिलिसीत आपला हत्ती मारायला दिला, त्याच्या दोन मिनिटं आधीच तो अलेक्झांड्रियात पडला होता.

इब्राहिमियातल्या कॅफेत भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीसमोर पन्नासेक माणसं बसली होती. पडद्यावर एका बाजूला बुद्धिबळाचा पट, त्याखाली दोन्ही खेळाडूंची घड्याळं आणि कोपऱ्यात समालोचन करणारी रद्वा. तिने शांतपणे म्हटलं, "चल माझ्या हत्ती, घाल उडी." पटावरचा हत्ती अजून आपल्या घरात निवांत उभा होता. लोक हसले. एवढा धडधाकट हत्ती कोण फुकट देईल, असं कुणीतरी म्हणालं. रद्वा मात्र ती उडी किती सुंदर आहे ते समजावत राहिली. आणि मग हत्तीने खरोखरच उडी घातली.

हसणारे खुर्च्या पुढे ओढून बसले. पुढच्या चालीही तशाच आल्या. रद्वा बोलायची आणि हातिम तिचं ऐकल्यासारखा खेळायचा. दोनदा तर ती तीन-तीन चाली पुढे होती. शेवटी पोलिश प्रतिस्पर्ध्याने हार मानली, आपल्या गावचा मुलगा स्पर्धेत आघाडीवर गेला, आणि कॅफेतून बाहेर पडणाऱ्या लोकांच्या तोंडी हातिमपेक्षा रद्वाचंच नाव जास्त होतं.

खांबाच्या आडोशाला बसलेल्या शुक्री अल-मन्यावीचा चहा गार झाला होता. पडद्याच्या कोपऱ्यातली ती जागा चौदा वर्षं त्याची होती. 'रुख' चॅनेल त्याने आणि मालक बहगतने मिळून उभं केलं. सोंगट्यांशी लेकरांशी बोलावं तसं बोलायचं, ही पद्धतही त्याचीच. चार महिन्यांपूर्वी बहगतने त्याला जेवायला नेलं, प्रेक्षक तरुण झालेत असं सांगितलं आणि ती खुर्ची रद्वाला दिली. तेव्हापासून शुक्री रोज बायकोला समुद्रावर फिरायला जातो म्हणून सांगायचा आणि इथे येऊन बसायचा. रद्वाच्या चुका मोजणं हा त्याचा धंदा झाला होता. दिवसाला दोन-तीन चुका सापडल्या की त्याला रात्री झोप बरी लागायची. त्या दिवशी एकही सापडली नाही.

संध्याकाळपर्यंत वारं फिरलं. दुपारी जे तिला देवाची देणगी म्हणत होते तेच आता कॉम्प्युटरचं नाव घेऊ लागले. समालोचक फक्त स्वतःच्या डोक्याने पट बघतात, शेजारी कॉम्प्युटरचा सल्ला उघडा ठेवत नाहीत, हीच तर 'रुख'ची शान होती. त्यात पोलिश खेळाडूच्या माणसांनी तक्रार केली. हातिमच्या गावातल्या बाईला हातिमच्या चाली आधीच कळतात, तेव्हा दोघांनाही त्या एकाच ठिकाणाहून मिळत असणार, असं त्यांचं म्हणणं. दुसरा दिवस सुट्टीचा होता. पुढच्या डावाआधी चॅनेलने खुलासा द्यावा, नाहीतर हातिमचा विजय स्थगित ठेवावा लागेल, असं आयोजकांनी कळवलं.

सकाळी बहगत बसबूसाच्या मिठाईचा डबा घेऊन शुक्रीच्या दारात हजर झाला.

"शुक्री बे, तुम्ही आंतरराष्ट्रीय पंच होतात. कैरोपासून दारुस्सलामपर्यंत लबाड पकडलेत. ही कशी करते तेवढं शोधून द्या. तिने स्वतःच्या जिवावर कॉम्प्युटर लावला होता असं आपण लिहून दिलं की हातिम मोकळा."

"आणि ती?"

"ती घरी. आणि तुमची खुर्ची तुम्हाला."

शुक्रीला इतका आनंद झाला, की तो लपवायला त्याला खोकावं लागलं.

२

चॅनेलचं ऑफिस म्हणजे एका फार्मसीच्या वरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. एका खोलीत समालोचक बसायचा, मधल्या खोलीत मदाम मिर्वत प्रक्षेपण सांभाळायची. मधली काच तिने कधीच पडदा लावून बंद केली होती, कारण समोर कुणी हातवारे करत असलं की तिचं चित्त उडायचं.

मिर्वतचे डोळे सुजलेले होते. रद्वावर तिने मुलीसारखी माया केली होती, स्वतःच्या हाताने करून आणलेले पदार्थ खाऊ घातले होते. आता ती म्हणत होती, की आपल्याला फसवलं गेलं. "मी बाहेर जाणारं चित्र बघत होते, उस्ताद. तोच पट, जो सगळं जग बघत होतं. कानात तिचा आवाज. आधी आवाज, मग चाल. एकदा नाही, सात-आठ वेळा. मी कुणाला काय सांगू?"

शुक्रीने रद्वाची खोली तपासली. टेबलावर एकच पडदा, त्यावर स्पर्धेचं अधिकृत पान. फोन तिने नियमाप्रमाणे मिर्वतच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता. कानात फक्त मिर्वतचा आवाज येणारं यंत्र. कॉम्प्युटरवर सल्ला देणारं काही चढवलेलं नव्हतं, उतरवल्याची खूणही नव्हती. त्याने टेबलाखालून हात फिरवला, खुर्चीची गादी उलटी केली. खुर्चीच्या हातावर आपण नखाने पाडलेला ओरखडा त्याला सापडला, तेवढाच.

प्रक्षेपणाची सूत्रं कुणाकुणाच्या हातात असतात, असं त्याने सहज विचारलं. मिर्वत म्हणाली, करोनाच्या वर्षी सगळे घरून काम करायचे, तेव्हा चौघांच्या घरच्या कॉम्प्युटरवर तिने सगळी सूत्रं जोडून दिली होती. तिच्या, बहगतच्या, वगीहच्या. वगीह म्हणजे दुय्यम समालोचक. तो त्या दिवशी तापाने घरी होता.

"आणि चौथा?"

मिर्वतने ओढणी सारखी केली. "चौथे तुम्ही. तुमचं काढायला हवं होतं मी. पण काढताना वाईट वाटलं."

रद्वा अंगातला कोट न काढता बाहेरच्या खोलीत बसली होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, फार्मसीची पदवी घेऊन बुद्धिबळाच्या नादी लागलेली मुलगी. शुक्री आत आला तशी ती उभी राहिली. तिचा हा आदर त्याला नेहमीच खुपायचा. ती उद्धट असती तर त्याचं काम सोपं झालं असतं.

त्याने सरळ विचारलं, "हत्तीची उडी तुला कशी सापडली?"

"सापडली नाही, उस्ताद. शंभर वर्षं बसले असते तरी सापडली नसती. हातिमने खेळली आणि मी सांगितली."

"तू आधी बोललीस. सगळ्या शहराने ऐकलंय."

"मीही ऐकलंय. रेकॉर्डिंग तीनदा पाहिलं. आवाज माझा, तोंड माझं, आणि चाल नंतर. मला काही कळेनासं झालंय. आई म्हणते, तुला कुणाची तरी नजर लागली."

शुक्रीने खिडकीकडे पाहिलं. समुद्रावरून वादळी वारा येत होता आणि समोरच्या गच्चीवरचे कपडे बायका घाईने काढत होत्या. नजर लागतच असेल तर ती कुणाची, हे त्याला विचारायची गरज नव्हती.

पण जिना उतरताना एक गोष्ट त्याच्या डोक्यात कुसळासारखी रुतली. पंच म्हणून त्याने अनेक लबाड पाहिले होते. टोपीत यंत्र लपवणारे, संडासात फोन ठेवणारे, प्रेक्षकांत बसलेल्या भावाच्या खोकल्यावर खेळणारे. पकडल्यावर त्यातला प्रत्येक जण एकच गोष्ट म्हणायचा, की ही चाल माझ्याच डोक्यातून आली. ही मुलगी म्हणत होती, की माझ्या डोक्यातून आलीच नाही. असं म्हणणारा लबाड त्याने आजवर पाहिला नव्हता.

३

वगीह सिदी बिश्रला आईबरोबर राहायचा. गळ्याला मफलर गुंडाळून तो पलंगावर बसला होता. आईने शुक्रीसमोर चहा ठेवला आणि मुलाला लवकर बरं वाटू दे म्हणून पुटपुटत ती आत गेली.

नऊ वर्षं वगीह शुक्रीच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. शुक्री बोलायचा, वगीह मान डोलवायचा आणि मधूनच एखादा जुना डाव आठवून द्यायचा. हुशार माणूस, पण आवाजात जोर नाही, असं बहगत म्हणायचा. शुक्रीला त्याच्याबद्दल एकच तक्रार होती, ती म्हणजे तो कधीच तक्रार करत नसे.

दोघांनी मिळून रद्वाला अर्धा तास यथेच्छ चघळलं. तिचे उच्चार, तिचं हसणं, तिच्या हातातली ती मोठी अंगठी, आणि ती मधेच फ्रेंच शब्द टाकते ते. शुक्रीला कितीतरी दिवसांनी असं मोकळं वाटत होतं. आपल्याच पोटातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना गोड लागतं.

"त्या दिवशी तू बघत होतास ना?" त्याने विचारलं.

"बघत होतो म्हणजे काय, दुसरं करणार काय? फोन आईने काढून घेतला, डॉक्टर म्हणाला डोळ्यांना ताण नको. समोर हा टीव्ही आणि त्यावर आपला चॅनेल. हातिमचा हत्ती उडाला तसा मी ताडकन उठून बसलो. सूप सांडलं चादरीवर. आणि त्यावर हिचा तो आवाज, 'घाल उडी'. माज बघा, उस्ताद. जसा हिनेच लावला पट."

"माज तर आहेच," शुक्री म्हणाला.

"तुम्हाला न विचारता तुमची खुर्ची घेतली, तेव्हाच मी ओळखलं होतं. नुसतं तुमचंच बोलणं उचललंय. सोंगट्यांशी लाडीगोडी, 'घोड्या वळ', 'उंटा सरक'. तुमच्या तोंडी ते शोभायचं."

निघताना वगीह दारापर्यंत आला. तुम्ही परत या, मी शेजारी आहेच, असं म्हणाला. त्याचा हात गार होता. कालपर्यंत ताप होता त्या माणसाचा हात आज इतका गार कसा, असं शुक्रीला वाटून गेलं, पण त्याने ते मनावर घेतलं नाही. ट्राममध्ये बसल्यावर मात्र त्याला उगाचच अस्वस्थ वाटायला लागलं. वगीहच्या बोलण्यात काहीतरी उलटं होतं, आणि काय उलटं होतं ते काही केल्या हाती लागत नव्हतं.

घरी पोचतो तो बहगतचा फोन. त्याचा आवाज बदलला होता.

"शुक्री बे, मिर्वतने सांगितलं, चॅनेलची सूत्रं अजून तुमच्या घरी आहेत. त्या वेळी तुम्ही कुठे होतात? मला विचारावं लागतं, राग मानू नका. तिच्यावर जळणारा माणूस शोधायचा तर पहिलं नाव तुमचंच येतं."

४

शुक्रीची बायको इन्साफ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाटाणे सोलत होती. त्याने तिच्यासमोरच कॉम्प्युटर उघडला आणि मिर्वतने दिलेलं रेकॉर्डिंग लावलं. रोज समुद्रावर नाही, कॅफेत जात होतो, हे त्याने तिला सांगितलं. तिने वर न बघता म्हटलं, की तिला ते पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. समुद्रावरून येणाऱ्या माणसाच्या अंगाला तंबाखूचा वास येत नाही.

"तूही बघतेस हिला?" त्याने विचारलं.

"बघते म्हणजे ऐकते. मला कुठे पटातलं कळतं? अगदी तुझ्यासारखं बोलते. तू चॅनेलवरून गेल्यापासून घरात तसं कुणी बोलेना, म्हणून लावते."

हे त्याला फार लागलं. रद्वाने खुर्ची घेतली, प्रेक्षक घेतले, आणि आता त्याच्या स्वयंपाकघरातही तीच बोलत होती. त्याने आवाज वाढवला आणि एखाद्या वैऱ्याकडे बघावं तसा पडद्याकडे बघत राहिला. कुठेतरी ती अडखळेल, कुठेतरी तिचे डोळे भलतीकडे जातील आणि लबाडी उघडी पडेल.

डोळे कुठेच गेले नाहीत. उडीच्या थोडं आधी ती म्हणाली, "हातिमकडे चौदा मिनिटं उरलीत. विचार कर, बाळा."

शुक्रीने रेकॉर्डिंग थांबवलं.

खेळाडू आधी पट बघतो, पंच आधी घड्याळ बघतो. तीस वर्षांची सवय सहज जात नाही. हातिमच्या नावाखाली घड्याळात सोळा मिनिटं होती. वाचताना चुकली असेल, असं म्हणून त्याने पुढे लावलं. थोड्या वेळाने ती पोलिश खेळाडूच्या वेळेबद्दल बोलली. तिथेही घड्याळ मागे, तेवढंच मागे. तिसऱ्यांदाही तसंच.

त्याने सुरुवातीपासून बघायला घेतलं. पहिल्या जाहिरातींपर्यंत तिचं बोलणं आणि घड्याळ बरोबर जुळत होतं. चालीही त्या आल्यावरच ती सांगत होती. जाहिराती संपल्या आणि ती अचानक थोर झाली. दुसऱ्या जाहिराती आल्या, गेल्या, आणि ती पुन्हा साधी झाली. शेवटचा अख्खा तास तिने एकही चाल आधी सांगितली नव्हती. ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण तोवर सगळे त्या हत्तीबद्दलच बोलत होते.

"काय झालं?" इन्साफने विचारलं.

तो हळूहळू बोलला, तिच्यापेक्षा स्वतःशीच. "चाल ओळखता येते. कॉम्प्युटरलाही विचारता येते. पण तिबिलिसीत बसलेला माणूस डोकं धरून किती वेळ बसणार, आणि त्याच्या घड्याळात किती उरणार, हे जगातलं कुठलंच यंत्र आधी सांगत नाही. तिला ते माहीत होतं, कारण तिच्यासमोर खरं घड्याळ होतं. रद्वा पुढे नव्हती, इन्साफ. आपल्याला दिसणारा पट मागे होता."

कुणीतरी दोन जाहिरातींच्या मधल्या वेळात पटाचं चित्र तेवढं दोन मिनिटं उशिरा सोडलं होतं. तिचा चेहरा, तिचा आवाज वेळेवर. ओठ आणि शब्द जुळलेले, म्हणून शंका यायचं कारणच नव्हतं. आणि ती बोलत होती त्याच्या पद्धतीने. शुक्री कधीच 'हत्ती खेळला' असं म्हणत नसे. चाल पडल्यावर 'चल हत्ती' म्हणायचा, जशी ती आत्ता पडते आहे. ज्याने ही पद्धत शोधली त्याला हे पहिल्याच मिनिटाला कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण कळून घ्यायचं नव्हतं.

वाटाण्याची टरफलं गोळा करून इन्साफ उठली. शुक्री पडद्यासमोर बसून राहिला. घड्याळाकडे त्याच्याखेरीज कुणाचंही लक्ष गेलेलं नव्हतं, आणि उद्यापर्यंत जाणारही नव्हतं. रद्वाकडे लबाडीचा पुरावा सापडला नाही पण संशय फिटत नाही, एवढं एक वाक्य बहगतला कळवलं की पुरे. खोटंसुद्धा म्हणता आलं नसतं ते. चॅनेलच्या खुर्चीच्या हातावरचा आपला ओरखडा इथे बसूनही त्याच्या बोटांना जाणवला. त्याने फोन उचलला आणि बहगतचा नंबर लावला.

"उद्या सकाळी सगळ्यांना बोलव," तो म्हणाला. "वगीहलाही. ताप असला तरी."

५

मधल्या खोलीत पाच जण जेमतेम मावले. मिर्वत आपल्या खुर्चीत, बहगत दाराशी उभा, रद्वा भिंतीला टेकून. वगीह मफलर गुंडाळून स्टुलावर बसला होता.

शुक्रीने आधी घड्याळं दाखवली. त्याने फार समजावलं नाही, नुसतं तीन ठिकाणी रेकॉर्डिंग थांबवलं आणि रद्वाचं वाक्य पुन्हा ऐकवलं. तिसऱ्या वेळी मिर्वतने तोंडावर हात ठेवला. ती उठली, रद्वाजवळ गेली, पण तिला हात लावायचं धाडस मिर्वतला झालं नाही. रद्वाच खाली बसली. आपल्याला वेड लागलेलं नव्हतं, एवढंच तिला त्या क्षणी हवं होतं.

बहगतने विचारलं, की आयोजकांना काय लिहायचं. शुक्री म्हणाला, हेच. स्पर्धेच्या पानावर प्रत्येक चालीची वेळ नोंदलेली असते, तिच्या आवाजाशी ती ताडून बघा म्हणावं. रद्वाने कॉम्प्युटर लावला असं लिहून दिलं असतं, तर हातिमच्या चाली कॉम्प्युटरच्या होत्या हे आपणच आपल्या हाताने सिद्ध केलं असतं. बहगत खाली बघायला लागला.

"पण केलं कुणी?" मिर्वत म्हणाली.

"सूत्रं चौघांकडे. मी कॅफेत पन्नास माणसांत होतो. बहगत जाहिरातदारांच्या ऑफिसात, त्यांच्यासोबत बघत होता. तू इथे. बाहेर जाणारं चित्र बघितलंस आणि तेच खरं सांगितलंस, आधी आवाज, मग चाल. कॅफेतही तसंच ऐकलं. सगळ्या शहराने तसंच ऐकलं." तो वगीहकडे वळला. "तू काय ऐकलंस ते पुन्हा सांग."

वगीहने मफलर सैल केला. "सांगितलं ना काल. घरी टीव्हीवर बघत होतो."

"हत्ती उडाला तसा तू उठून बसलास. सूप सांडलं. आणि त्यावर तिचा आवाज आला. आधी चाल, मग आवाज. वगीह, आपल्या चॅनेलवर ते तसं कुणालाच दिसलं नाही. खरा पट दिसत होता दोनच ठिकाणी, स्पर्धेच्या पानावर आणि प्रक्षेपणाच्या सूत्रांत. फोन तुझ्याकडे नव्हता, समोर फक्त टीव्ही होता, हे तूच सांगितलंस. मग तू कुठे बघत होतास?"

वगीहने बहगतकडे पाहिलं, मग मिर्वतकडे. रद्वाकडे पाहणं त्याने टाळलं.

"एकच दिवस करायचं होतं," तो म्हणाला. "लोक हसतील, म्हणतील ही बडबडते. हातिम असा खेळेल, असा हत्ती देईल, हे मला काय माहीत? पोलिश लोक तक्रार करतील हे तरी कुठे माहीत होतं?"

"पण का?" रद्वाने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. "मी तर तुमच्याकडून कितीदा शिकले. जुने डाव तुम्हीच सांगायचात मला."

"म्हणूनच," वगीह म्हणाला. "ते सांगायला मी नऊ वर्षं शेजारी बसलो. उस्ताद जातील आणि मग मी. उस्ताद गेले. बहगत बेने मला बोलावलं, मी नवा शर्ट घालून आलो. तर मला सांगितलं, एक मुलगी येणार आहे, तिला जरा मदत कर."

बहगत काहीतरी बोलायला गेला, पण शुक्रीने हात वर केला. त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती, जी त्याला इतक्या वर्षांत कधी दिसली नव्हती. उस्ताद जातील आणि मग मी. म्हणजे नऊ वर्षं शेजारी बसून, मान डोलवत, हा माणूस त्याच्या जाण्याची वाट बघत होता. शुक्री ज्या दुःखाला आपलं एकट्याचं समजून रोज कॅफेत नेऊन बसवत होता, ते याच्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होतं, आणि त्याने ते कुणाला दाखवलंही नव्हतं.

"काल मी तुझ्याकडे अर्धा तास बसलो," शुक्री म्हणाला. "आपण दोघांनी मिळून हिला खाल्लं. मला फार बरं वाटलं. माझ्या घरीही सूत्रं होती, वगीह. मला सुचलं नाही, एवढंच. सुचलं असतं तर काय केलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

वगीह उठला. मफलर त्याने काढला आणि हातात घेतला. दाराशी तो थांबला, पण माफीचा शब्द त्याच्याकडून निघाला नाही, आणि कुणी मागितलाही नाही. जिन्यावर त्याची पावलं बराच वेळ वाजत होती.

६

हातिमचा विजय कायम राहिला. आयोजकांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं, पोलिश मंडळींनी तेवढंही नाही. बहगतने शुक्रीला फोन करून बरंच गोड बोलून घेतलं, पण खुर्चीचं काही काढलं नाही. शुक्रीनेही विचारलं नाही.

विचारलं ते रद्वाने. शेवटच्या डावाच्या सकाळी ती स्वतः घरी आली. इन्साफने तिला दारातच मिठी मारली आणि नवऱ्याला विसरून ती तिच्याशी बोलत राहिली. मग रद्वा म्हणाली, की शेजारची खुर्ची रिकामी आहे, उस्ताद आले तर तिला बरं वाटेल.

"नको," शुक्री म्हणाला. "तुझ्या शेजारी बसलो तर दिवसभर मी तुझ्या चुकाच शोधत बसेन."

"मग काय झालं? शोधा की."

"अजून ते हसत करता येत नाही मला."

ती समजली असावी. तिने आग्रह धरला नाही.

दुपारी तो कॅफेत गेला, या वेळी बायकोला सांगून. गर्दी इतकी, की कट्ट्यावर बसायलाही जागा नव्हती. कुणीतरी ओळखून त्याला पुढची खुर्ची दिली, शेजाऱ्याने लिव्हरचं अर्धं सँडविच त्याच्यापुढे सरकवलं. स्पर्धा जिंकायला हातिमला बरोबरी पुरेशी होती, पण डाव हळूहळू त्याच्या हातून निसटत होता. शुक्रीला वजीर मागे घेणं एवढंच दिसत होतं. तेही नीट नव्हतं, पण दुसरं काही नव्हतंच.

पडद्याच्या कोपऱ्यात रद्वा बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, "मला वाटतं, राजाने पुढे यावं. एक घर. वेडेपणा वाटेल, पण तो पुढे आला तर त्यांच्या घोड्याला जागाच उरत नाही."

शुक्रीच्या तोंडात घास होता. साफ चूक, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यासोबत तो जुना गोड आनंदही वर आला. भर वादळात राजाला घराबाहेर काढायला निघालीय. आज सापडली.

हातिम विचार करत राहिला. फार वेळ. कॅफेत कुणी चमचासुद्धा वाजवेना. मग पटावर राजा हलला. एक घर, पुढे.

आधी कुणाला काही कळलं नाही. मग एकेकाला दिसायला लागलं, की घोडा खरंच अडकलाय. लोक टेबलं बडवायला लागले. शुक्री पटाकडे बघत राहिला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा त्याने ती चाल मोडून पाहिली. मोडत नव्हती. छातीत त्याला हेव्याची ती ओळखीची कळ आली, पहिल्या दिवसाइतकीच ताजी.

शेजारचा सँडविचवाला त्याच्याकडे झुकला. "उस्ताद, तुम्हाला दिसली होती ही?"

आजूबाजूच्या चार-पाच माना त्याच्याकडे वळल्या. हो म्हटलं असतं तर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता.

"नाही," शुक्री म्हणाला. "मला नाही दिसली. जरा गप्प बसा, ती पुढे काय म्हणते ते ऐकू द्या."